अकरा चोळ्या आणि एक खोटा कावळा

आयुष्यात मी एकदाच मोठी लबाडी केली, आणि तीसुद्धा काम करायला मिळावं म्हणून.

मी घरी बसून चोळ्या शिवते. 'घरी बसून' म्हटलं की आमच्या देऊळघाटात लोकांना फक्त 'बसून' एवढंच ऐकू येतं. दुकानात बसलेल्या शिंप्याला कोणी म्हणत नाही, की जरा दुधाकडे बघ. मला म्हणतात. मी सुई हातात घेतली की दूध उतू जायला निघतं, मांजर शिंक्याकडे निघतं आणि आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, मला हाक मारायला निघतात. त्यातून मी चौथी पास! गल्लीत अक्षर ओळखणारी बाई मी एकटीच, म्हणून कोणाचंही पत्र आलं की ते माझ्या मांडीवर. बरं, एकदा वाचून भागत नाही. "तो खोकल्याचा मजकूर पुन्हा वाच व," म्हणून चार बायका चारदा रडतात, आणि तोवर सुईतला दोरा निघून गेलेला असतो.

मला 'नाही' म्हणता येत नाही. लाज वाटते. (हे लिहितानाही वही कणगीमागे लपवून ठेवते.)

त्या वैशाखात लक्षुमबाईच्या मुलीचं लग्न होतं. अकरा चोळ्या माझ्याकडे आल्या होत्या. शुक्रवारी हळद, आणि सोमवारी सकाळी लक्षुमबाई दारात उभी.

"झाल्या का व मास्तरीनबाई?"

"होऊन राह्यल्या."

"किती झाल्या?"

"एक बाही."

"एक बाही! माय व! नवरी काय एका बाहीनं बोहल्यावर चढन?" लक्षुमबाईने कपाळाला हात लावला. "हे पाय, तुह्यानं होत नसन तर शिंप्याले देतो. पन मंग या गल्लीतला एक खन तुह्या दारात येनार नाई, सांगून ठेवतो!"

ती बोलली म्हणजे गल्ली बोलली. मी मान हलवली आणि खण उलगडला. इतक्यात आतून हाक आली, "अवं, मांजर!"

दुपारी गोठ्याकडे गेले तर कमरेएवढ्या भिंतीपलीकडे शेजारची सखू बसलेली दिसली. त्या दिवशीच बाहेर बसली होती. मांडीवर हात ठेवून आभाळाकडे बघत होती. तिला कोणी हाक मारत नव्हतं. तिच्याजवळ कोणी जात नव्हतं. तिला कोणी पत्र आणून देत नव्हतं!

मग माझ्या मनात जे आलं ते लिहायलाही मला लाज वाटते. मी गाठोडं गुपचूप गोठ्याच्या छपरीत नेऊन ठेवलं आणि दारातून म्हटलं, "आत्याबाई, मले कावळा शिवला."

आत्याबाईंनी बोटं मोजली. "पंधरा दिस तर झाले नाई! इतक्या लवकर काऊन?"

"उन्हाळा हाय," मी म्हटलं. (उन्हाचा आणि त्याचा काय संबंध, ते मला अजूनही माहीत नाही.)

"हाव बाप्पा," त्या म्हणाल्या. "औंदा ऊनच तसं हाय."

बिचाऱ्या चुलीपाशी गेल्या आणि मी छपरीत. पहिल्या तासात एक चोळी तुरपाईवर आली! वाटलं, स्वर्ग असतो तो शेणाच्या वासाचाच असतो.

इतक्यात भिंतीवरून धपकन उडी पडली.

"माय व! तू बी बाहेर? बरं झालं! तीन दिस कोनाशी बोलू, म्हनून जीव नुसता घाबरा झाला होता!"

सखू! बाहेर बसलेल्या दोघींना एकमेकींचा विटाळ नसतो, हे मी विसरलेच होते. ती गुडघ्याला गुडघा लावून बसली आणि नणंदेची गोष्ट सुरू झाली. घरात मला अडवणारी माणसं निदान ये-जा करायची. सखू जातच नव्हती! शेवटी मी तिच्या हातात सुई दिली. तुरपाई करताना ती दोरा दातांत धरते, आणि दोरा दातांत असला की सखू गप्प असते. अशा रीतीने बुधवारी सांजेला अकराच्या अकरा चोळ्या तयार.

गुरुवारी सकाळी डोक्यावरून न्हाऊन मी गाठोडं घेऊन ओसरीवर आले. लक्षुमबाई येऊन बसलीच होती. तिने हिरवी चोळी छातीशी लावून पाहिली.

"मोठी झ्याक शिवली व!"

आत्याबाईंच्या कपाळाला आठी पडली. "पन तू तर बाहेर होती. शिवल्या कवा?"

"बाहेर बसल्या बसल्या," मी कौतुकाने सांगितलं.

लक्षुमबाईने विंचू झटकावा तशी चोळी टाकली. "हळदीच्या चोळ्या? इटाळात?"

देवाशपथ सांगते, हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं! मी खरी बाहेरची नव्हतेच, मग कापडाला विटाळ कुठून लागणार, असा माझ्या मनाचा हिशेब. आता तोंड उघडणं भाग होतं.

"मी बाहेरची नव्हती. खोटं बोलली. काम होऊन नव्हतं राह्यलं, म्हनून."

आत्याबाई पुन्हा बोटं मोजायला लागल्या. लक्षुमबाईने मात्र सुटकेचा श्वास सोडला आणि हात पुन्हा चोळीकडे नेला. तेवढ्यात भिंतीवर सखूचं ओलं डोकं उगवलं.

"लक्षुमबाई, तुरपाई पायली का? अकराच्या अकरा माह्याच हातच्या हायत!"

मग काय! सगळ्या चोळ्या पाण्यातून काढल्या. लाल, हिरवे, जांभळे, कोरे खण. एकाचा रंग दुसऱ्याला लागला, दुसऱ्याचा तिसऱ्याला. सांजेला दोरीवर अकरा चोळ्या वाळत होत्या आणि सगळ्यांचा रंग एकच होता, वांग्याचा. लग्नात मेहकरच्या वरमाईने विचारलं, "सगळ्यायच्या एकसारख्या कशा?" लक्षुमबाई मान ताठ करून म्हणाली, "मुद्दाम घेतल्या!"

खण येत राहिले. आत्याबाईही मला रागावल्या नाहीत. तेच वाईट झालं. त्या विचार करत होत्या. तिसऱ्या दिवशी विहिरीवर सगळ्या सासवांना म्हणाल्या, "बाहेर बसलेल्या बाईचे हात चालतात, हे आपल्याले आजवर कोनी सांगतलंच नाई!"

पुढच्या खेपेला मी खरोखर बाहेर बसले, तर समोर शेणाची पाटी आली. "शेनाले कसला आला इटाळ?" आत्याबाई लांबूनच म्हणाल्या. "थाप गोवऱ्या."

आता गल्लीतली प्रत्येक सून ते तीन दिवस गोवऱ्या थापते. बायकांना महिन्याकाठी मिळणारी एवढी एकच सुट्टी होती. परवा कोपरापर्यंत शेणाने माखलेली सखू भिंतीपलीकडून म्हणाली, "मास्तरीनबाई, अजून दोन वर्ग शिकली असती तर आमचं काय केलं असतं व?"

मी मान खाली घालून पुढची गोवरी थापली. एक मात्र खरं, तिथे मला कोणी हाक मारत नाही. काम अगदी सलग होतं.