राखेची रिंगणं

मास्तर लोकांच्या किश्श्यांचं असं असतं बघा, ते गोळा करावे लागत नाहीत. खडूच्या भुकटीसारखे कोटावर आपोआप बसतात. माझ्या कोटावरचे सगळे तिसगावचे, लढाई चालू होती आणि रॉकेल मिळत नव्हतं तेव्हाचे.

कॉलेजात लॉजिक शिकून आलो होतो. कुणा व्हेनसाहेबानं काढलेली, एकमेकांत शिरलेली वर्तुळं डोक्यात नुसती गरगरत होती. बायको नुकतीच बाळंतपणात गेलेली. शाळेच्या आवारातल्याच एका खोलीत एकट्यानं बिऱ्हाड केलं, आणि जो भेटेल त्याला वर्तुळं सांगत सुटलो!

*

शाळेचा फळा पाटाएवढा. म्हणून आवारात, माझ्या दारासमोरच, चुलीतल्या राखेनं दोन मोठी रिंगणं आखली. "घरी बैल असेल तो ह्यात, शेळी असेल तो त्यात, दोन्ही असतील तो मधल्या फाकेत!"

पोरं धावली. एक गडी मात्र जागचा हलेना.

"गुरुजी, बैल चुलत्याचा हाय. पर वैरण मीच टाकतो."

व्हेनसाहेबानं ह्याचा विचारच केलेला नव्हता! म्हटलं, "तू राखेवर उभा राहा बाबा."

*

दुसऱ्या दिवसापासून पाण्याला जाणाऱ्या बायका रोजची वाट सोडून निवडुंगाच्या कडेनं जायला लागल्या. सोनाबाई म्हातारी तर डोईवर घागर घेऊन सगळ्यांत लांबून! विचारलं, तर म्हणाली, "आवो, राखंची रिंगणं म्हंजी उतारा. वलांडला की ज्याची पिडा त्याला सोडती, आन् वलांडणाऱ्याच्या अंगी येती. तुमच्या दारात त रोजचंच!"

"आजी, तो हिशेब आहे."

"आसंल. पर पिडा काय हिशेब इचारून येती व्हय?"

पुढं माझ्या दाराशी कुणी फिरकेना. आधी तरी कोण येत होतं म्हणा!

*

शाळा तपासायला डिपोटी आले. डोक्याला फेटा, तोंडात इंग्रजी. आवारातली रिंगणं पाहून थबकले.

शिपाई म्हणाला, "या साहेब, लॉजिक हाय!"

साहेब हसले. खेड्यातल्या भोळ्या समजुती शाळेनंच घालवल्या पाहिजेत, असं आम्हाला तिथंच उभ्या उभ्या सुनावलं. आणि मग निवडुंगाच्या कडेनं वर्गात गेले!

*

एकदा मास्तरांच्या खोलीत पाटीवर आमचीच विभागणी केली. एका वर्तुळात घरी गरम जेवण वाट बघतंय असे, दुसऱ्यात संध्याकाळी देवळात पत्ते कुटणारे. हेडमास्तर पहिल्यात, ड्रॉइंगमास्तर दोन्हींत.

"आणि तुम्ही हो?"

मी दोन्ही वर्तुळांच्या बाहेर ठिपका दिला.

"मजा आहे बुवा!" ड्रॉइंगमास्तर म्हणाले. "सगळ्यांत ऐसपैस जागा तुम्हालाच!"

सगळे हसले, मीही हसलो. मग शाळा सुटली, ते दोघे आपापल्या वाटेनं गेले, आणि मला फार एकटं वाटलं.

*

दिवाळीची सुट्टी लागली आणि मला हिवतापानं गाठलं. शेवटच्या तासाची रिंगणं दारात तशीच होती. घोंगडीखाली कुडकुडत, धान्य निवडावं तसं गाव निवडायला घेतलं. एक वर्तुळ, मास्तर दिसला नाही हे ज्यांच्या ध्यानात येईल त्यांचं. त्यात ओढूनताणून एखाददुसरं माणूस बसलं. दुसरं, राख ओलांडणाऱ्यांचं. ती नुसती पोरं, आणि पोरं गेलेली मामाच्या गावाला. मधली फाक रिकामी. म्हणजे कुणी येण्याची शक्यता शून्य! गणित सुटलं, आणि मला रडू फुटलं.

दुपारी बाहेर घागर टेकवल्याचा आवाज झाला.

"मास्तर! आवो मास्तर! कालधरनं दार का लावल्यालं?"

भिंतीला धरून उठलो, दार उघडलं. रिंगणांच्या पलीकडे सोनाबाई उभी.

"ताप आलाय, आजी. तुम्ही जा. इथं राख आहे."

"दिसती मला."

ती थोडा वेळ खाली बघत राहिली. मग खंडोबाचं नाव घेतलं, लुगडं वर खोचलं, आणि दोन्ही रिंगणं तुडवीत सरळ माझ्या उंबऱ्याशी आली. पाय राखेनं पांढरे झालेले. माझ्या कपाळावर हात ठेवला आणि म्हणाली,

"पडा आता गुमान. उतरतोय तुमचा ताप!"