तारैविनीचा लांबलेला दुखवटा

फिजीतल्या वानुआ लेवू बेटाच्या त्या किनाऱ्यावर तारैविनीइतकी नाचरी बाई नव्हती. लग्नघरी तिला नाचायला बोलवावं लागत नसे, थांबवावं लागे. नवरा इलिसोनी गेला तेव्हा रिवाजाप्रमाणे तिने काळा झगा घातला आणि गावाने त्याच्या नावाने समुद्राचा एक पट्टा शंभर रात्री बंद केला. विधवेचं काळं उतरलं की पट्टा उघडायचा, तोवर तिथे कुणी हात घालायचा नाही.

वाळूतली पांढुरकी समुद्रकाकडी, काकडीच्या आकाराचा मऊ जीव, बायका लिंबू पिळून खात. काळ्या, लठ्ठ जातींकडे मात्र कुणी ढुंकूनही पाहत नसे. इलिसोनी असतानाच शहरातला व्यापारी आला होता. सगळ्या जाती सुकवून परदेशी पाठवू लागला, आणि दोन वर्षांत गावाने आपलाच किनारा झाडून त्याला दिला.

ओहोटीला शिंपले वेचणाऱ्या तारैविनीला फरक आधी कळला. वाळूवर हिरवा बुळबुळीत थर चढला. खाली खणलं की काळी, कुजका वास मारणारी वाळू, आणि तिच्यात मेलेले शिंपले. त्या मुक्या समुद्रकाकड्या दिवसभर वाळू गिळून स्वच्छ करून टाकत होत्या. घर झाडणारीला हाकलायचं आणि मग नाक धरून बसायचं, असला हा शहाणपणा. आता त्या उरल्या होत्या फक्त इलिसोनीच्या पट्ट्यात, तो झाडायच्या आधीच बंद झाला होता म्हणून.

शंभरावी रात्र सरली. बायका नवी चटई आणि फुलाफुलांचा झगा घेऊन आल्या. मागे धाकटा दीर आपोरोसा उभा होता. त्याने व्यापाऱ्याला शब्द दिलेला, होडी तयार ठेवलेली.

"चला वहिनी, काळं उतरवा आता."

"माझं रडणं संपलं नाही."

"काल तर नळावर खिदळत होतात."

"मला रडता रडता हसता येतं. तुझ्या भावाच्या संसारात शिकले."

बायका तोंडाला पदर नसतानाही तोंड झाकून हसल्या. आपोरोसा तणतणत गेला, पण विधवेचं काळं ओढून काढायची छाती गावात कुणाचीच नव्हती.

शंभराच्या सहाशे रात्री झाल्या. दुपारी तो झगा अंगाला चिकटे. लोकांनी नावं ठेवली. काळ्यात नाचायचं नसतं, म्हणून ती लग्नांत मागे बसून राही. पट्ट्याबाहेरही समुद्रकाकडीची बोटाएवढी पिल्लं दिसू लागली होती. ती पहिल्यांदा पाहिली पाणबुड्या आपोरोसाने, आणि तो कुणाला बोलला नाही.

मग तारैविनीच्या लेकीचं, लितियानाचं लग्न ठरलं.

"आई, एका दिवसापुरतं उतरव ना."

"एका दिवसात ते वाळूसकट उचलून नेतील गं."

लेक पोटात असल्यापासून हिच्या लग्नात नाचायचं तिने ठरवलं होतं. त्या संध्याकाळी चुलीपाशी बसून ती खरोखरच रडली, नवऱ्यासाठी नव्हे, स्वतःसाठी.

लग्नाच्या सकाळी आपोरोसा दारात आला. काळा सदरा, काळी लुंगी.

"भाऊ माझाही होता वहिनी. मी त्याला नीट रडलोच नाही. आता रडतो. तुम्ही काळं उतरवा, पट्टा माझ्या दुखवट्यात बंद राहील. गावप्रमुखाला विचारून आलोय."

"आणि तो व्यापारी?"

"सांगितलं त्याला, घरात दुःख आहे."

"किती दिवस रडणार आहेस?"

"पिल्लं हाताएवढी होईपर्यंत."

तारैविनीने त्याचा चेहरा दोन्ही हातांत धरला. मग आत जाऊन तिने काळं उतरवलं.

त्या दिवशी ती अशी नाचली की गाणाऱ्यांचे गळे बसले. आपोरोसा मांडवाच्या मागे घाम पुसत बसून होता, पाय हलू नयेत म्हणून गुडघे घट्ट धरून.