फाइल मोकळी झाली की कळवा

भुताखेतांच्या गोष्टी सुरू झाल्या की मी उठून चहा टाकायला जाणारी बाई आहे. शाळेत कॉम्प्युटर शिकवते. काही बिघडलं तर वीज, वायर किंवा कुणाचं तरी बोट... चौथं कारण मला कधी सापडलेलं नाही. एकदाच सोडून. ते घडलं तसं लिहिते, नावं फक्त बदलली आहेत.

आमची मराठी शाळा ग्वाल्हेरला, जयेंद्रगंजात. वरच्या मजल्यावर लॅब – दहा-बारा कॉम्प्युटर, कोपऱ्यात सर्व्हर, सगळे एकाच नेटवर्कवर. आठवीची मुलं दरवर्षी हस्तलिखित काढायची. काम कॉम्प्युटरवर गेलं तरी नाव हस्तलिखितच राहिलं. सगळ्या वर्गाची मिळून एकच फाइल, सर्व्हरवर ठेवलेली. ती एकाने उघडली की दुसऱ्याला त्यात लिहिता येत नसे. पडद्यावर इंग्रजीत चौकोन यायचा – ‘ही फाइल अमुक वापरत आहे’ – आणि खाली बटण, ‘मोकळी झाली की कळवा’. मुलं बटण कशाला दाबतायत? सरळ ओरडायची.

“केतकी, निकल ना यार! कब से बैठी है!”

“दोन मिनिटं! बस, लास्ट लाइन.”

“तेरी लास्ट लाइन तो दिवाली तक चलेगी!”

केतकी म्हणजे आमच्या मराठीच्या वैशाली मॅडमची एकुलती एक मुलगी. त्याच दिवाळीच्या सुट्टीत डेंग्यूने गेली.

सुट्टीनंतर मुलांनी फाइल उघडली. चौकोन आला – ‘ही फाइल केतकी वापरत आहे.’ त्या दिवशी कुणी ओरडलं नाही.

मी घाबरले नाही, वैतागले. मशीन नीट बंद केलं नाही तर असं लॉक अडकून राहतं. ते काढलं, सर्व्हर बंद करून चालू केला. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. तिचं लॉगिनच काढून टाकलं – पुन्हा तेच. दुरुस्तीवाला येऊन “वायरस होगा, मैडम” म्हणून गेला. शेवटी मी फाइलची कॉपी काढून मुलांना दिली आणि त्यांच्याकडून काम पुरं करून घेतलं. मूळ फाइल पुसून टाकायला मात्र हात धजेना.

वैशालीला मुलांकडून कळलंच. मधल्या सुट्टीत आली, चौकोन वाचला.

“उज्ज्वलाताई, ती आत आहे.”

“वैशाली, लॉक अडकलंय. मशीन आहे ते.”

“असेल,” म्हणाली, आणि ‘कळवा’चं बटण दाबलं.

मग रोजचंच झालं. डबा घेऊन यायची, बटण दाबायची आणि पडद्यासमोर बसून पोळी-भाजी खायची. मी हटकलं नाही. निदान जेवत तरी होती.

पुढे संस्थेने दोन शाळा एक करायचं ठरवलं. आमची शाळा हरिशंकरपुरमच्या हिंदी शाळेत मिळवायची. मराठी विषय बंद, म्हणजे वैशालीची नोकरीही. तिच्या नवऱ्याने इंदूरला बदली करून घेतली होती, घर बघितलं होतं. ही हलेना. तो एकदा लॅबमध्येच आला.

“अगं, इथे आता राहिलंय काय आपलं?”

“ती बसलीय अजून. तिला टाकून येऊ?”

त्याने माझ्याकडे पाहिलं. मी वायरी गुंडाळत होते, गुंडाळत राहिले. 

सामान हलवायचा दिवस आला. भर दुपार. सर्व्हर मी बंद केला, हमालांनी तो खाली टेम्पोत नेला. एकेक कॉम्प्युटर गेला. वैशालीसमोरचा तेवढा शेवटपर्यंत ठेवला होता, ‘कळवा’चं बटण तिने त्या दिवशीही सकाळीच दाबलं होतं. त्याची नेटवर्कची वायर मीच काढली, हातातच होती. म्हटलं, “वैशाली, आता हाही बंद करते हं.”

तेवढ्यात चौकोन आला.

‘फाइल मोकळी झाली आहे. आता तुम्ही लिहू शकता.’

मी हातातल्या वायरीकडे पाहिलं. मग खिडकीतून खाली पाहिलं – सर्व्हर टेम्पोत, दोरीने बांधलेला...

“उघडून बघ,” मी म्हटलं. 

“नको, ताई. झालं तिचं लिहून. निघाली ती.”

तिने चौकोन बंद केला, मशीन बंद केलं, पडदा पदराने पुसला. आणि मग तिथेच खुर्चीत बसून रडली. केतकी गेल्यापासून माझ्यादेखत पहिल्यांदाच. त्याच महिन्यात ती इंदूरला गेली.

नव्या शाळेत मी सर्व्हर जोडला. फाइल पहिल्या झटक्यात उघडली. केतकीचं पान शोधलं... होतं तसंच होतं, अर्धवट. एक अक्षरही वाढलेलं नव्हतं.

ज्यांना यातलं कळतं त्यांना विचारून झालंय. लॉक का अडकायचं याची हवी तेवढी कारणं मिळाली. पण सर्व्हरशी संबंधच तुटलेल्या मशीनला फाइल मोकळी झाल्याचं कळवलं कुणी, ते कुणालाच सांगता आलं नाही. मलाही नाही.

वैशालीचा फोन अधूनमधून येतो. तिचे गुडघे, माझं बीपी, इंदूरच्या भाज्या, सगळं बोलून होतं. पान अर्धवटच आहे, हे मी तिला सांगितलेलं नाही.