तेरा जोड्या आणि एक हात

आमच्या शाळेत दुसरीच्या वर्गाला एक बाई होत्या. त्यांना सगळे जोडीबाई म्हणायचे. हे नाव मीच पाडलं होतं आणि त्याचा त्यांना जराही राग नव्हता. मुलांना कुठेही न्यायचं असलं, अगदी समोरच्या हॉलमध्ये जरी, तरी त्या आधी जोड्या लावायच्या. "हात धरा. घट्ट नाही, नीट." मग ओळीच्या कडेने चालत जोड्या मोजायच्या. डोकी कधी मोजायच्या नाहीत. म्हणायच्या, "डोकी हलतात गं. जोडी तुटली की ओरडते."

मी शेजारच्या तिसरीच्या वर्गाला शिकवते. एकोणीस वर्षं आमच्या वर्गांमध्ये एकच भिंत होती आणि तीही पातळ. त्यांचे पाढे माझ्या वर्गात ऐकू यायचे आणि माझा आरडाओरडा त्यांच्या वर्गात. मधल्या सुट्टीत त्या येऊन विचारायच्या, "आज कोणाची पूजा बांधलीस?" मी तापट आहे, हे मला ठाऊक आहे. त्या नव्हत्या. एकोणतीस वर्षं नोकरी झाली, पण कोणत्याही मुलाचा कान त्यांनी पिरगाळलेला मी पाहिला नाही.

वर्गात सत्तावीस मुलं, म्हणजे तेरा जोड्या आणि एक शिल्लक. हे शिल्लक राहिलेलं मूल त्यांचं खास. एकदा चहा पिताना सहज म्हणाल्या होत्या, "लहानपणी मीच ती शिल्लक. माझा हात धरायला कोणी नसायचं. आमच्या बाई मला ओळीच्या शेवटी एकटीला चालवायच्या. सगळा रस्ता मी पुढच्यांच्या टाचा बघत जायचे." म्हणून त्यांनी नियमच केला होता की शिल्लक राहिलेल्याचा हात बाई धरणार. शिट्टी वाजली की बाकीच्यांनी पळत येऊन जोड्या लावायच्या, पण शिल्लक राहिलेल्याने धावपळ करायची नाही. त्याने असेल तिथेच थांबायचं, बाई स्वतः त्याला घ्यायला जाणार. या थाटामुळे शिल्लक राहण्यासाठी मुलांत भांडणं व्हायची.

त्या वर्षी ही जागा बटणची होती. बटण म्हणजे वर्षाच्या मध्यात आलेली एक चिमुरडी, कोटाचं एक बटण कायम चुकीच्या काजात. बोलायची कमी. तिची आई दवाखान्यात परिचारिका, कधी दिवसपाळी तर कधी रातपाळी. मुलीला फाटकापाशी सोडताना ती घड्याळ बघतच वळायची. जोडीबाई रोज सकाळी बटणच्या कोटाची बटणं काढून पुन्हा नीट लावायच्या.

दरवर्षी पानगळ सुरू झाली की आमच्याकडे शरद सप्ताह असतो. सोमवारी बागेत जाऊन पानं गोळा करायची, मग हवामानाची वही, एके दिवशी आजीआजोबा वर्गात येऊन गोष्ट वाचून दाखवणार, आणि शुक्रवारी पालकांसाठी प्रदर्शन. सांगायला छान वाटतं. प्रत्यक्षात आठवडाभर वर्गात चिखल, दप्तरात कुजकी पानं आणि अर्ध्या शाळेला सर्दी. मी दरवर्षी कुरकुर करते. जोडीबाई मात्र एक महिना आधीपासून जुनी वर्तमानपत्रं जमवायच्या. घरी त्या आणि त्यांची नणंद अशा दोघीच. नणंद म्हणायची, "आमच्या पलंगाखाली पानं, गादीखाली पानं. या घरात माणसं झोपतात की झाडं, तेच कळत नाही."

तर सोमवारी दोन्ही वर्ग बागेत गेलो. बाग शाळेपासून बारा मिनिटांवर. प्रत्येक मुलाने एकेक झाड निवडायचं, त्याला हात लावून खोड कसं लागतं ते वहीत लिहायचं, खाली पडलेली पाच पानं घ्यायची. प्रदर्शनाच्या भिंतीवर मोठं झाड करायचं होतं, त्यासाठी एक भली मोठी कापडी पिशवी भरली होती. ती माझ्याकडे होती. ओल्या पानांनी जड झालेली, तिचे बंद हातात रुतत होते.

आभाळ भरून आलं म्हणून जोडीबाईंनी लवकर शिट्टी वाजवली. त्याच वेळी माझा फोन वाजला. मी त्यांच्याकडे पिशवी पुढे केली आणि म्हणाले, "बाई, जरा धरता का? माझा खांदा भरून आलाय."

खांद्याला काही झालं नव्हतं. माझी बहीण पडद्याच्या दुकानात उभी होती आणि तिला निळा घ्यावा की करडा ते ठरत नव्हतं. मी तिच्याशी पडद्यांवर बोलत माझा वर्ग घेऊन पुढे निघाले. तो करडा पडदा आता तिच्या खिडकीला आहे. मी तिच्याकडे गेले की त्याच्याकडे पाठ करून बसते.

बागेच्या फाटकात जोडीबाईंनी जोड्या मोजल्या. एका हातात शिट्टी आणि यादी, दुसऱ्या हातात माझी पिशवी. तेरा जोड्या. एकही कमी नाही. आणि एक हातात. हात भरलेला होता, जड होता. एकोणतीस वर्षांची सवय म्हणते, हात भरलेला आहे म्हणजे मूल आहे. निघाल्या.

शाळेत पोहोचलो. व्हरांड्यात मुलं बूट झटकत होती. जोडीबाईंनी पिशवी भिंतीशी टेकवली, सरळ उभ्या राहिल्या आणि आपल्या मोकळ्या हाताकडे पाहिलं. मी चार पावलांवर होते. त्यांचा चेहरा असा पांढरा पडला की मला वाटलं यांना चक्कर येतेय. मग "मुलांकडे बघ," एवढंच म्हणून त्या पळत सुटल्या. छप्पन्न वर्षांची बाई, साडी पोटरीपर्यंत वर धरून भर रस्त्यातून पळाली. दाराशी बसणाऱ्या शिपायाने हातातलं टाकलं आणि तोही मागे धावला. समोर एक्कावन्न मुलं मला विचारत होती, काय झालं.

बटण आपल्या झाडाखालीच होती. पाऊस भुरभुरत होता. बागेच्या माळ्याने तिला आपल्या खोपटात चल म्हणून दोनदा विनवलं होतं, पण ती जागची हलली नाही. "बाई हात धरायला येणार आहेत," एवढंच म्हणत राहिली. शेवटी बिचाऱ्याने तिच्या डोक्यावर रिकामं पोतं धरलं आणि तसाच उभा राहिला. जोडीबाई पोहोचल्या तेव्हा तिने हात पुढे केला आणि म्हणाली, "आज उशीर झाला."

हे मला शिपायाने सांगितलं.

संध्याकाळी तिची आई आली. ओरडली. का ओरडू नये? "सत्तावीस पोरं मोजता येत नाहीत तुम्हाला, आणि गणित शिकवता?" म्हणाली. मग तिलाच रडू कोसळलं. "मी ड्यूटीवर असते तेव्हा हिचा विचार करत नाही, ठाऊक आहे का? एकदाही नाही. का, तर ती शाळेत आहे म्हणून." जोडीबाई खाली मान घालून ऐकत होत्या.

दुसऱ्या दिवशी मोठ्या बाईंनी, म्हणजे आमच्या मुख्याध्यापिकांनी, आम्हा दोघींना खोलीत बोलावलं. आधी मला विचारलं, "तुम्ही कुठे होतात?"

"मी पुढे होते. माझ्या वर्गाबरोबर."

हे खरंच होतं. एवढं खरं बोलून मी मूग गिळून बसले. मग त्यांनी जोडीबाईंकडे वळून विचारलं, "आणि तुमच्या हातात काय होतं?"

"पिशवी होती. पानांची."

"तुम्हीच घेतली होतीत?"

त्या क्षणी मी बोलायला हवं होतं. माझं नाव या प्रकरणात आलं तर काय होईल, नोंद होईल का, पालक काय म्हणतील, एवढंच डोक्यात फिरत होतं. जोडीबाईंनी माझ्याकडे पाहिलं. रागाने नाही. एखाद्या मुलाचं गणित चुकलं की काय हे बघावं, तसं पाहिलं. मग म्हणाल्या, "हो. मीच घेतली होती."

तेच त्यांनी लेखी खुलाशात लिहिलं आणि खाली सही केली. बुधवारी वर्ग त्यांच्याकडून काढून घेतला. वर्ष संपेपर्यंत त्यांनी पुस्तकांच्या खोलीत बसायचं, फाटकी पुस्तकं चिकटवायची, कव्हरं घालायची. मुलांशी संबंध नाही. त्यांच्या वर्गावर एक नवी शिक्षिका आली. बाहेर जाताना मुलांनी नंबराचं पिवळं जाकीट घालायचं, असा नियम निघाला. जोड्या बंद.

शुक्रवारी प्रदर्शन झालं. त्याच पिशवीतल्या पानांचं झाड मी भिंतीवर लावलं होतं, जमिनीपासून छतापर्यंत. पालकांनी फोटो काढले. "बाई, कमाल केलीत हो तुम्ही," असं मला निदान दहा जणांनी ऐकवलं. प्रत्येक कौतुक तोंडात मारल्यासारखं लागत होतं. बटणची आई दवाखान्याच्या गणवेशातच आली होती. झाडासमोर उभी राहिली आणि तिने मला विचारलं, "ही तीच पानं का?" मी हो म्हटलं. तिने एका पानाला हात लावला आणि लगेच मागे घेतला.

मला राहवलं नाही. पालक पांगल्यावर मोठ्या बाईंच्या खोलीत गेले आणि सगळं ओकून टाकलं. फोन, पडदा, खोटा खांदा. त्या टेबलावरची पिन इकडून तिकडे सरकवत ऐकत होत्या. मग म्हणाल्या, "मंगळवारी का नाही बोललात?"

त्यांनी पिन डबीत टाकली.

"आता खुलासा वर गेलाय. त्यावर त्यांची सही आहे. तुमचं म्हणणं घेतलं तर त्या खोटं बोलल्या असं होईल. मुलगी सुखरूप आहे. हे आता उकरून काढू नका."

म्हणजे माझ्या मौनाला त्यांनी वरून कुलूपही लावलं. मला चीड आली, पण चीड कोणाची यायला हवी होती ते मला कळत होतं.

तशीच पुस्तकांच्या खोलीत गेले. जोडीबाई एका गोष्टीच्या पुस्तकाचा कणा शिवत होत्या. मी म्हणाले, "बाई, मी मोठ्या बाईंना सांगितलं. पिशवी मी दिली होती म्हणून."

त्यांनी दोरा दाताने तोडला. "कशाला सांगितलंस?"

"तुम्ही माझ्यासाठी खोटं का लिहिलंत?"

"तुझ्यासाठी कुठे लिहिलं?" त्या म्हणाल्या. "अगं, पिशवी तू दिलीस. हात माझा होता ना?"

मी रडायला लागले. त्यांनी मला स्टूल पुढे केलं, रुमाल दिला आणि पुढचं पुस्तक घेतलं. एकोणीस वर्षांत त्यांनी मला एकदाही असं परक्यासारखं वागवलं नव्हतं. त्यांनी शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं.

पुढच्या सोमवारी नवी शिक्षिका रजेवर होती म्हणून दुसरीला हॉलमध्ये मी नेणार होते. मुलं पिवळी जाकिटं घालून दारात गोळा झाली. मी नंबर मोजले, सव्वीस. वर्गात डोकावले तर बटण आपल्या खुर्चीवर बसून होती. बटण चुकीच्या काजात.

"चल की गं," मी म्हणाले.

"माझा हात जोडीबाई धरतात."

"त्या आता दुसऱ्या कामाला आहेत. मी धरते."

तिने विचार केला आणि हात दिला. छोटासा, गार हात. मी तो इतका घट्ट धरला की ती म्हणाली, "घट्ट नाही, नीट."

हॉलच्या वाटेवर पुस्तकांची खोली लागते. आमचा गलका ऐकून जोडीबाई दारात आल्या होत्या. ओळ जाताना त्यांचे ओठ हलत होते. अजून जोड्याच मोजत होत्या. जोड्या नव्हत्याच, तरी मोजत होत्या. बटणने त्यांना पाहिलं आणि आपला मोकळा हात पुढे केला.

जोडीबाईंनी आपला हात पाठीमागे घेतला.

"गोंद लागलाय गं हाताला," त्या म्हणाल्या. "तू जा. बाईंचा हात धर."

त्यांच्या मागे टेबलावर गोंदाची बाटली होती. तिचं झाकणही उघडलेलं नव्हतं. मी पाहिलं आणि बटणनेही पाहिलं असावं, कारण तिने माझ्या हातातून आपला हात हळूच सोडवून घेतला.

"मी थांबते," ती म्हणाली, आणि दाराशी भिंतीला टेकून उभी राहिली.