बिसरामची खुंटी

नागरा गावच्या दुर्पताला लिहिता-वाचता येत नव्हतं. तरी १९५६ साली तिने एक कादंबरी पहिल्या पानापासून शेवटपर्यंत ऐकली, आणि त्या कादंबरीशी तिचं जे भांडण झालं ते गावाला बोलायला बरेच दिवस पुरलं.

त्या वर्षी शाळेत नवे मास्तर आले. त्यांच्याबरोबर त्यांची बायको सुमित्राबाई थेट साताऱ्याकडून आली. दुपारच्या वेळी बिडी वळणाऱ्या बाया सावली बघून त्यांच्या पडवीत बसत. मांडीवर सूप, सुपात तंबाखू आणि कापलेली तेंदूची पानं. हात गुंतलेले, तोंडं मोकळी. आणि या बायांची तोंडं मोकळी असली की गावात कोणाची ना कोणाची खैर नसे. त्यापेक्षा वाचलेलं बरं, म्हणून सुमित्राबाई पुस्तक घेऊन बसू लागल्या.

पुस्तक एका विधवेचं होतं. नवरा गेलेला, दुःख अजून ओलं, आणि त्यातच नवऱ्याच्या मित्रावर जीव जडलेला. वाचता वाचता सुमित्राबाई हळहळत. बाया मात्र चक्रावल्या.

"मंग पाट काऊन नाही लावत थे?" त्यांच्यातल्या नंदाबाईने पहिल्याच दिवशी विचारलं.

इथे नवरा मेलेल्या बाईने दुसरा घरोबा करायचा तर पाट लावतात. माणूस बांगड्या घेऊन येतो, चार जाणते बसतात, बाई बांगड्या भरते, संपलं. सुमित्राबाईंनी आपल्याकडची रीत, घराण्याची अब्रू, लोकांची तोंडं, सगळं समजावून सांगितलं. बायांनी मान डोलावली आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच विचारलं. एवढं जाडजूड पुस्तक, आणि गोष्ट काय, तर एका पाटात मिटणारी! बाया खुसखुसल्या.

दुर्पता तेवढी हसली नाही. तिच्यापुढे तर पाट लावायला माणूस तयार होता, आणि तरी तिचं पाऊल पुढे पडत नव्हतं.

तिचा नवरा बिसराम तापाने गेला त्याला तीन वर्षं झाली होती. घरात ती आणि सासू देवकाबाई. धानाची बांधी, म्हणजे बांध घातलेलं भाताचं शेत, होती, पण नांगर धरायला कोणी नव्हतं. शेजारच्या गावचा खुशाल येऊन नांगरून देई. माणूस कमी बोलणारा, कामाला वाघ. पाटाची गोष्ट काढली ती देवकाबाईनेच.

"माहा पोरगा मेला, तू नाही मेली," ती सुनेला म्हणाली. "खुशाल इथंच येऊन राहीन म्हणते. हो म्हण."

दुर्पताला खुशाल आवडत होता, यात लपवण्यासारखं काही नाही. पण एका संध्याकाळी तो शेतावरून आला आणि दाराजवळच्या खुंटीला त्याने आपला दुपट्टा अडकवला. ती बिसरामची खुंटी. दुर्पताने दुपट्टा ओढून त्याच्या हातात दिला आणि चुलीपाशी जाऊन बसली. खुशाल समजायचं ते समजला. तेव्हापासून तो अंगणातूनच बोले. धान चुरून, म्हणजे मळून, झालं की आपण देवरीकडे जंगलाच्या कामाला जाणार, असंही त्याने सांगून टाकलं होतं.

आणि इकडे पुस्तकात तो मित्र मेलेल्या नवऱ्याच्या खुर्चीवर बसला. बाई उठून आत गेली, दार लावून रडत बसली. दुर्पताचे हात थांबले. पुढे तो माणूस वाट बघून बघून निघून गेला, आणि बाई जन्मभर झुरली. पुस्तक मिटून सुमित्राबाईंनी डोळे पुसले.

"बाई," दुर्पता म्हणाली, "काऊन रडून राहिली, थे तिनं थ्या माणसाले सांगतलं काय?"

"छे गं. असं कोणी सांगतं का? ते त्याचं त्याने समजून घ्यायचं असतं."

"त्याले कसं समजन? त्याच्याजवळ का हे पुस्तक होतं?"

सुमित्राबाई पुस्तक उघडून शेवटची पानं पुन्हा चाळू लागल्या. दुर्पताला मात्र त्या पुस्तकातल्या बाईचा असा राग आला की अर्धवट वळलेली बिडी सुपात टाकून ती उठली आणि तडक खळ्यावर गेली. खुशाल बैलांमागे फिरत होता.

"थे खुंटी बिसरामची हाय," तिने सगळ्या खळ्याला ऐकू जाईल असं सांगितलं. "मी त्याच्यासाठी अजून रडीन. तू घरात आला तरी रडीन. चालते का तुले?"

खुशालने बैल थांबवले. "मले वाटलं, मीच नाही आवडत."

"तसं असतं तं तोंडावर सांगतलं असतं."

"मंग माहा दुपट्टा?"

"दुसरी खुंटी ठोक."

माघात पाट ठरला. खुशाल एका हातात बांगड्या आणि दुसऱ्या हातात सागाची खुंटी घेऊन आला. आधी त्याने समोरच्या भिंतीत खुंटी ठोकली. मातीचा पोपडा पडला तशी देवकाबाई त्याच्यावर करवादली, आणि करवादतच आत गेली. बाहेर आली ती पेटीतला बिसरामचा दुपट्टा घेऊन. तो तिने जुन्या खुंटीला अडकवला. पोराच्या मरणाचं तीन वर्षं कोरड्या डोळ्यांनी बोलणारी ती म्हातारी खुंटीखाली बसली आणि मोठ्याने रडू लागली. दुर्पता तिच्याजवळ जाऊन बसली. जमलेल्या लोकांना काय करावं कळेना.

खुशाल बांगड्या हातात धरून, दोघींचं रडणं होईपर्यंत थांबला.