शेजारच्या कबरीवरचं बोलणं

ईस्टरच्या पहाटे, येशू मेलेल्यांतून उठला त्या सणाला, आमची मंडळी कबरस्तानात जमते. यंदा पहिल्यांदाच मी माझ्या पत्नीच्या, रूथच्या, कबरीपाशी उभा होतो. शेजारच्या कबरीवर मोगरा वाहत मार्थाबाई आपल्या दिवंगत नवऱ्याला दटावत होत्या, "उठाल त्या दिवशी लगेच चहा मागू नका. आधी मला शोधा." मग माझ्याकडे वळल्या. "काय सर, गप्पच? रूथबाईंशी बोला की. ऐकतात त्या."

मला त्यांचा हेवा वाटला. बायबलच्या वर्गात मी वर्षानुवर्षं 'म्हणजे त्याचा अर्थ असा, की...' अशी सुरुवात करून सांगत आलो, की पुनरुत्थान म्हणजे प्रेतं उठणं नव्हे. दबलेली माणसं ताठ उभी राहतात, गावची विहीर सर्वांना खुली होते, ते पुनरुत्थान. रूथलाही ते पटलं होतं. मला ते आजही खरं वाटतं. पण विहीर खुली झाली म्हणून रूथ भेटणार नाही, आणि मार्थाबाईंना त्यांचा माणूस भेटणार आहे, चहासकट.

त्या गेल्यावर मी कबरीशी वाकलो. आजूबाजूला कोणी नव्हतं. रूथशी बोलायला तोंड उघडलं, तर शब्द आले ते असे : "म्हणजे त्याचा अर्थ असा, की..."