शून्य न तपासलेली सकाळ

कारखान्यात त्यांना सगळे मापकाका म्हणत. एकतीस वर्षं एकाच लेथवर लोखंडी दांडे कातून केसाच्या जाडीइतकंही न चुकणारा माणूस, म्हणून हे नाव पडलं, असं ते स्वतः सांगत. बायकोचं म्हणणं वेगळं होतं. "माणसांची मापं काढण्यात आयुष्य गेलं तुमचं," ती म्हणायची. कोण आपल्याला बघून उठलं नाही, कोणी बोलावणं अगदी शेवटच्या दिवशी केलं, चहा विचारताना कोणी दुसरीकडेच बघितलं, हे सगळं काकांच्या डोक्यात तारखेसकट होतं. मेहुण्याशी नऊ वर्षं अबोला. खालच्या मजल्यावरच्या मास्तरांशी चार.

"अहो, कोणाकोणाशी बोलायचं नाही ते एकदा लिहून द्या," बायको परवाच म्हणाली होती. "मास्तरीणबाईंकडे बघून चुकून हसले, तर दिवसभर जीव खालीवर."

काका हसले नाहीत. राग येतो एकदाच, पण टिकवायला रोज राबावं लागतं. जिन्यात मास्तरांची चाहूल लागली की दाराआड थांबायचं, मेहुण्याचा विषय निघाला की उठून खिडकीशी जायचं. अठ्ठावन्नाव्या वर्षी गुडघ्यांपेक्षा याचाच शीण जास्त होता.

त्यात साडेपाच महिन्यांपूर्वी पाहुणा आला. दुसऱ्या पाळीला त्याच लेथवर लागलेला, चाळिशीचा, कोणात न मिसळणारा माणूस. म्हणून लोकांनी त्याला ठेवलेलं हे नाव, पाहुणा. कारखान्याची एक रीत होती. जाणाऱ्याने दहा मिनिटं थांबायचं आणि येणाऱ्याला यंत्राच्या खोडी सांगायच्या. कुठे ढिलं आहे, कुठे तापतं, काय जपायचं. पहिल्या दिवशी काका हातात चिंधी घेऊन थांबले होते. पाहुणा आला, पिशवी खिळ्याला अडकवली, यंत्राकडे बघितलं आणि चष्मा पुसत बसला. काकांकडे नजर नाही, शब्द नाही. काकांनी चिंधी ठेवली आणि ते चालू लागले. तेव्हापासून यंत्र या हातातून त्या हातात मुक्यानेच जात होतं.

आणि रोज सकाळी मायक्रोमीटर घट्ट बंद केलेला सापडायचा. दांड्याची जाडी मोजायचं ते नाजूक उपकरण. त्याची दोन टोकं एकमेकांवर दाबून ठेवली तर ती बिघडतात, आणि मग शून्यच जागेवर राहत नाही. वापरून झालं की टोकांत थोडी फट ठेवायची, हे जुन्या माणसांना कोणी सांगावं लागत नाही. काका रोज ते बंद टोक बघायचे आणि मनात म्हणायचे, मुद्दाम करतोय. मला खिजवतोय.

त्या मंगळवारी ते इतकं आवळलेलं होतं की सोडवताना अंगठा दुखला. काकांचं डोकं फिरलं. तणतणत त्यांनी यंत्र सुरू केलं आणि एकतीस वर्षांत न चुकलेली एक गोष्ट चुकले. मोजायला घेण्याआधी शून्य तपासायचं असतं, म्हणजे टोकं टेकवल्यावर माप शून्यावर येतंय ना ते बघायचं असतं, ते तपासलं नाही. दुपारपर्यंत चौसष्ट दांडे झाले. चौसष्टच्या चौसष्ट बारीक निघाले. सगळे भंगारात.

साहेब काकांच्या मुलाच्या वयाचे. त्यांनी काचेच्या खोलीत बोलावलं आणि टाइप केलेला कागद पुढे सरकवला. दुसऱ्या पाळीकडून उपकरणाची हेळसांड, असं त्यात होतं.

"काका, फक्त सही करा. पाहुण्याची सहा महिन्यांची मुदत पंधरा दिवसांत संपतेय. कायम करायचा की नाही ते यावर ठरेल."

"म्हणजे जाईल तो."

"जाईल. तुम्हालाही तेच हवंय ना? अख्ख्या खात्याला माहीत आहे."

अख्ख्या खात्याला माहीत आहे, हे काकांना लागलं. सवयीने लागलं. मग त्यांनी पेन उचललं. शून्याबद्दल कोणी विचारणार नव्हतं. मापकाकांनी शून्य तपासलं नाही, हे कोणाच्या डोक्यातही येणार नव्हतं. एक सही, आणि सकाळी ते बंद टोक पुन्हा दिसायचं नाही. सोपं होतं. पण फट ठेवायची असते हे त्या माणसाला सांगणार कोण होतं? मी. आणि सांगितलं का? काकांनी पेन खाली ठेवलं.

"सकाळी मी शून्य तपासलं नाही."

"चेष्टा करू नका, काका."

"रागात होतो."

"कोणावर?"

"मायक्रोमीटरवर म्हणा."

साहेबांनी कागद आपल्याकडे ओढला. मग म्हणाले, "मग मला तसं लिहावं लागेल. महिनाभर रोज तुमचा पहिला दांडा तपासणीतली पोरगी बघेल. तिने हो म्हटल्यावर पुढचे. नियम आहे."

ती पोरगी दोन वर्षांपूर्वी लागलेली. "बघू दे," काका म्हणाले. भांडायला अंगात त्राणच नव्हतं.

पाळी सुटली तरी काका लेथजवळ थांबले. पाहुणा आला, पिशवी अडकवली.

"हे असं आवळून ठेवत जाऊ नका," काका म्हणाले. "शून्य हलतं. फट ठेवायची."

पाहुण्याने मायक्रोमीटर हातात घेतला. "धूळ जाऊ नये म्हणून बंद करत होतो. आधी का नाही सांगितलंत?"

काकांनी खरं तेच सांगितलं. "पहिल्या दिवशी तुम्ही माझ्याशी बोलला नाहीत."

"मी?" पाहुण्याने आठवून बघितलं. "आठवत नाही."

खरंच आठवत नसेल, किंवा टाळत असेल. धुळीचंही तसंच, खरं असेल, नसेलही. दुसऱ्या कोणत्याही दिवशी काकांनी त्याचा चेहरा बारकाईने बघितला असता, आवाज कुठे अडखळला ते शोधलं असतं आणि घरी जाईपर्यंत निकाल लावला असता. आज त्यांना ते उचलवेना. नसेल आठवत, त्यांनी मानून टाकलं, आणि खांदे थोडे सैल झाले.

"फट किती ठेवायची?" पाहुण्याने विचारलं.

"कागदाइतकी."

"कोणत्या कागदाइतकी? वहीच्या की वर्तमानपत्राच्या?"

एकतीस वर्षांत हे कोणी विचारलं नव्हतं. काकांनी स्टूल ओढलं, बसले आणि विचार करू लागले.